बिनजिवाचा बेडूक

बाबांचे बेडूक न्हाणीतल्या लोखंडी बादलीत असत. वर जाळीचं झाकण आणि झाकणावर अर्धी वीट. शनिवारी कामावरून येताना ते नाल्याकाठी थांबून चार-सहा बेडूक पकडून आणत आणि रविवारी पहाटे ओल्या फडक्यात गुंडाळून, मरळ मासा पकडायचं आमिष म्हणून, कुहीच्या पलीकडच्या तलावावर नेत. शनिवारी संध्याकाळी नागपूरच्या नंदनवनमधल्या आमच्या दोन खोल्यांत स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज यायचा आणि न्हाणीतून बादलीच्या पत्र्यावर पाय घासल्याचा. त्या वयात मला हे दोन्ही आवाज सारखेच घरचे वाटत. आईला तो दुसरा आवाज कसा ऐकू येत असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही. माझी बायको म्हणते, तुम्ही पाऊस लांबला तरी स्वतःला दोष देता. असेल. पण हे विचारायला हवं होतं.

आईनं लग्नाआधीच महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला होता. तिचं माहेर नरखेड तालुक्यातलं, संत्र्याच्या बागांमधलं. तिकडे घरात कुणी मांसाला शिवत नसे, आणि वाटेत मुंग्यांची रांग आली तर आजोबा थांबून ती ओलांडून जात. बाबा कुहीकडचे, तलावाकाठी वाढलेले. भात आणि मासे यांच्याशिवायही जेवण असतं हे भावाला लग्नानंतर समजलं, असं आत्या म्हणायची. दोघांनी सुरुवातीलाच आपसांत काहीतरी ठरवलं असावं. आमच्या घरात मासा येत नसे. बाबा आणि मी आत्याच्या गावी मासे खायचो, येताना तिच्याच विहिरीवर आंघोळ करायचो आणि संध्याकाळी घरी आईच्या हातचा गोळाभात खायचो. आई काही विचारायची नाही. फक्त त्या दिवशी मला ती पूजेच्या वेळी देवाजवळ बसवत नसे, एवढंच.

हे असंच चाललं असतं, पण एका रविवारी बाबा गळाला लावलेला बेडूक काढायचं विसरले. तलावावर पाऊस आला, आम्ही घाईनं निघालो आणि काठी स्कूटरला बांधून तशीच घरी आणली. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. काठी भिंतीला टेकवली तशी तिला टोकाशी काहीतरी हललेलं दिसलं. जवळ जाऊन पाहिलं, तर पाठीतून गळ घातलेला बेडूक एक पाय ताणत होता आणि सोडत होता.

"हा कवापासून असा आहे?" तिनं विचारलं.

"सकाळपासून," बाबा म्हणाले.

"अन् अजून मेला नाई?"

"मरळ आली नाई तं मरत नाई तो. जित्ताच लागते तिले. हालला पायजे."

आईनं ओले हात पदराला पुसले आणि स्वतःच गळ काढला. मला वाटलं नव्हतं तिला तो काढता येईल. बेडूक तिनं तुळशीच्या कुंडीत ठेवला. तो वाचला नाही. मग ती बाबांना म्हणाली, "अजी, तुमी मासे खाता, मी कदी बोलली? खाणाऱ्याले भूक लागते, तो खाते. पण ह्याले तुमी खात नाई, मी खात नाई. ह्याले दिवसभर सुयीवर टांगून ठेवलं, ते कायच्यासाठी?"

 बाबा घरात तसे कमीच बोलत. हिंगण्याकडच्या एका कारखान्यात ते साचे बनवायचं काम करत. बाटल्यांची बुचं, डब्यांची झाकणं, असल्या वस्तूंचे लोखंडी साचे. दिवसभर मशीनच्या आवाजात राहिल्यामुळे असेल, घरी आले की त्यांना शांतता लागे. मला काही सांगायचं असलं तरी ते आईला सांगत, आणि आई मला. पण तलावावर तसं नव्हतं. तिथे ते माझ्याशी सरळ बोलत. लहानपणी म्हशीच्या पाठीवर बसून पाण्यात कसे जायचे, पहिल्यांदा नागपुरात आले तेव्हा रस्ता ओलांडायला किती भ्यायचे, हे सगळं मला तिथे समजलं. म्हणून जेवताना बाबा जेव्हा म्हणाले, "आजपासून जिवंत काही लावणार नाई," तेव्हा मी उचललेला घास परत ताटात ठेवला.

"मंग कायनं पकडान?" आईनं विचारलं.

"पाहतो काहीतरी. पोळ्यापर्यंत पाहतो. नाई जमलं तं काठी देऊन टाकतो कोनाले."

"कणकेच्या गोळीवर येत नाई का?"

"कणकेवर रोहू येते. मरळ नाई येत. अन् मले रोहू पकडाची हौस नाई."

पोळा दोन-अडीच महिन्यांवर होता. काठी गेली तर रविवार जाणार होते, आणि रविवार गेले तर बाबा पुन्हा आईच्या मार्फत माझ्याशी बोलणार होते. मला त्या बेडकाचं दुःख झालं नाही, हे मी इथे लिहून ठेवतो. मला माझं दुःख झालं.

बाबांनी जे पाहायचं ठरवलं ते म्हणजे बेडकाचा साचा. दिवसभर ज्या हातानं ते झाकणांचे साचे करत, त्याच हातानं त्यांनी मेणाचा बेडूक कोरला. अंगठ्याएवढा, पाय मागे ताणलेले, पोहताना असतात तसे. त्याच्यावरून आधी प्लास्टरचा दोन फाकींचा साचा केला. मालही त्यांनी शोधला. त्यांच्या कारखान्याशेजारच्या शेडमध्ये पकडींच्या मुठींवर मऊ प्लास्टिक चढवत. तिथल्या ओळखीच्या माणसानं डब्याच्या तळाशी उरलेला माल, थोडा हिरवा रंग आणि प्लास्टिक मऊ करायचं तेल दिलं. माल दिसायला दुधासारखा, पण ढवळायला मधासारखा जड. तो पिचकारीनं साच्यात भरायचा. पिचकारी म्हणजे खरोखरच होळीची जुनी पितळी पिचकारी होती. बाबांनी तिचं तोंड बदललं आणि दट्ट्याला नवा वायसर बसवला.

कारखाना आमचा गच्चीवर होता, टाकीच्या आडोशाला. एक रॉकेलचा स्टोव्ह आणि आईनं कायमचं दिलेलं हिंडालियमचं पातेलं. "हे आता खाली आणाचं नाई," असं तिनं बजावलं होतं. ढवळायचं काम माझं. माल तापला की आधी दही बसल्यासारखा त्याचा गोळा व्हायचा. बिघडला म्हणून टाकून द्यावासा वाटे, पण बाबा म्हणत, थांब. आणखी तापला की तो पुन्हा पातळ होई, तेलासारखा चमकदार. तेवढ्या वेळात पिचकारीत ओढायचा आणि एका दमात साच्यात दाबायचा. जरा जास्त तापला तर पिवळा पडे आणि असा धूर सुटे की डोळ्यांतून पाणी येई. खालचे भाडेकरू काका जिन्यातून ओरडत, "काय जाळून राहिले भाऊ? टायर असन तं मले बी सांगजा, मच्छर गंज वाढले!"

पहिल्या दिवशी प्लास्टर आतून ओलसर होतं. गरम माल आत गेला आणि साच्यानं तो थुंकून टाकला. बाबांच्या मनगटावर पडला. आईनं कोरफड लावली. ना थांबा म्हणाली, ना करा म्हणाली. मग बाबांनी साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत टूल रूममध्ये ॲल्युमिनियमच्या टाकाऊ ठोकळ्यात साचा कोरला. दोन फाकी, मध्ये दोन खुंट्या, बाहेरून बोल्ट. तो साचा इतका सुबक होता की मी तो दप्तरात घालून ज्युनिअर कॉलेजला नेला आणि मित्रांना दाखवला. पण त्यातून निघालेल्या बेडकांना पायच येईनात. धड यायचं, डोकं यायचं, डोळ्यांचे उंचवटेसुद्धा यायचे, आणि मांड्यांशी माल थांबायचा. बाबांनी हवा निघायला कानशीनं बारीक खाचा पाडल्या. थोडा फरक पडला. पण पंजे येत नव्हते.

एका संध्याकाळी आई वाळलेले पापड न्यायला गच्चीवर आली आणि आमचे बिनपायाचे बेडूक पाहत उभी राहिली.

"साचा थंडा आहे का गरम?" तिनं विचारलं.

"थंडा. काहून?"

"थंड्या तव्यावर धिरडं टाकलं तं पसरन का? जागच्या जागी बसन."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग साच्याकडे. त्यांनी साचा स्टोव्हच्या कडेला ठेवला. त्या संध्याकाळी निघालेल्या बेडकाला पंज्यांची बोटंसुद्धा होती. तो पाण्यात टाकून गार केला, मी ब्लेडनं कडेचा पापुद्रा कापला आणि बाबांनी तो तळहातावर ठेवून हलवला तर त्याचे पाय थरथरले. आई "बाई!" म्हणून मागे सरकली आणि मग इतकी हसली की पापडांची थाळी कलंडली.

त्यानंतर ती अधूनमधून वर येऊ लागली. जुन्या साडीची चमकी तिनंच खरवडून दिली. मालात चमकी मिसळली की बेडकाच्या पाठीवर ओलसर उजेड पडल्यासारखं दिसे. साचा किती तापलाय हे ती पाण्याचं बोट लावून पाहायची, बाबा ओरडायचे, "पाणी नोको लावू वं, उडन अंगावर!" मग ती बोट कोरडं करून लावायची. बेडूक बुडत होता म्हणून पोटात औषधाच्या बाटलीचं बूच घालायची युक्ती बाबांची. पाय ताठ वाटले तेव्हा आणखी तेल घालायचा सल्ला तिचा. एवढ्या सगळ्यात तयार बेडूक ठेवायला मी साबणाची प्लास्टिकची डबी दिली, आणि दोन दिवसांनी उघडून पाहिलं तर मऊ बेडकांनी ती कडक डबीच विरघळवली होती. सगळा मिळून एक हिरवा चिकट गोळा. आई म्हणाली, "जित्ते होते तवा बिचारे बादलीत गुमान बसत होते." बाबा हसले. ते दोघं एकमेकांशी इतकं बोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या गच्चीवरचा वास आठवला तर अजूनही डोळे चुरचुरतात, पण त्या वासाबद्दल माझी काही तक्रार नाही.

बेडूक तयार झाला, पण मरळीला तो पटत नव्हता. आम्ही रविवारमागून रविवार जात होतो. बाबांनी बांबूच्या काठीला कड्या बसवल्या होत्या आणि लेथवर स्वतः एक चरखी केली होती. जिवंत बेडूक एका जागी सोडून बसता येतं. तो आपला आपण हालतो. हा हालत नव्हता, त्याला हालवावं लागे. म्हणजे लांब फेकायचा आणि चरखी फिरवत पाण्यावरून ओढत आणायचा, थांबत थांबत. गळाचं टोक पाठीत लपवलेलं, त्यामुळे कमळाच्या पानांवरूनही तो सरकत येई. दिसायला इतका खरा की एकदा बगळा त्याच्यावर झेपावला. मरळ मात्र वर येऊन पाहायची, मागून थोडी यायची आणि वळून जायची. पाण्यावर तिच्या वळण्याची रेघ दिसे. बाबा म्हणत, "पाहून राहिली. पटून नाई राहिलं तिले." घरी गेलो की आई विचारायची, "मिळाली का?" आणि आम्ही मान हालवली की तिचाही चेहरा पडायचा. जी बाई आयुष्यात मासा शिवली नाही, ती आम्हाला मासा मिळावा म्हणून वाट पाहत होती. कारण तिला बाबांची काठी जायला नको होती. हे मला तेव्हा समजत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. समजत होतं, आणि मलाही तिच्याकडून तेवढंच हवं होतं.

पोळ्याच्या आधीचा तो शेवटचा रविवार. आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. तलाव काठोकाठ. दुपारपर्यंत काहीच झालं नाही. बाबांनी भाकरीचा डबा उघडला, मी उभाच होतो. शिंगाड्याच्या वेलांपलीकडे, थोड्या मोकळ्या पाण्यात, मला एक शेंदरी ठिपका दिसला. ताटाएवढा असेल. तो वर यायचा, पाणी बारीक उकळल्यासारखं हालायचं, मग तो खाली जायचा आणि जरा बाजूला पुन्हा वर यायचा.

"बाबा, ते लाल काय दिसून राहिलं?"

बाबांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "असन काही," आणि डबा बंद करून काठी उचलली.

बेडूक त्या ठिपक्याच्या थोडा पलीकडे पडला. बाबांनी त्याला मधून ओढलं. पाणी फुटल्याचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. कुणीतरी वरून दगड टाकावा तसा. मागून येणं नाही, पाहणं नाही. काठी वाकली, बाबा गुडघाभर पाण्यात गेले आणि मी नुसता ओरडत होतो. हातभर मरळ बाहेर आली, चपट्या डोक्याची, अंगावर सापासारखी नक्षी. तिच्या जबड्यात आमचा हिरवा चमकीचा बेडूक. मी नाचलो. खरंच नाचलो, काठावरच्या चिखलात. आणि म्हणालो, "बाबा, तिथेच! पुन्हा तिथेच टाका!"

बाबा क्षणभर थांबले. मी पुन्हा म्हणालो, "टाका ना बाबा, आहे तिथे दुसरी!"

त्यांनी टाकला. दुसरीही तशीच आली, पहिलीपेक्षाही रागानं. बाबांनी तिला काठावर घेतलं, गळ काढला, काठी आवरली आणि म्हणाले, "चाल." अजून दुपार होती. मला वाटलं, दोन मिळाल्या म्हणून समाधान झालं असेल. निघताना मी मागे वळून पाहिलं तेव्हा तो शेंदरी ठिपका आता ठिपका राहिला नव्हता. पसरला होता, तुटला होता, आणि त्यात जागोजागी लहान मासे उसळत होते. मला ते छान वाटलं. तलाव खेळतोय असं वाटलं.

आत्या बाबांपेक्षा धाकटी. बोलायला मोकळी. आम्हाला पाहून ती अंगणातूनच ओरडली, "आज तं भाऊचं तोंड पाहाले मिळालं! मले वाटलं तुमी वयनीच्या मठात गेले का काय!" मी तिला प्लास्टिकचा बेडूक दाखवला. तिनं तो दाबून पाहिला आणि म्हणाली, "अगं माय, ह्याच्यावर आली? शहरात राहून भाऊ मासे बी फसवाले शिकला." विळीवर बसून तिनं राख लावून मरळी साफ केल्या. पहिलीचं पोट उघडलं, मग दुसरीचं, आणि सहज, भाजीत अळी सापडल्यावर सांगावं तसं सांगितलं, "दोघायच्याबी पोटात काईच नाई. पिल्लं राखून राहिले असतीन."

"म्हणजे?" मी विचारलं.

"अरे बाबू, ह्या दिवसांत मरळीची जोडी पिल्लं राखते. लाल लाल पिल्लं राह्यते पाण्यावर, झुंबड. दोघं खाली राह्यते, खात नाई, पीत नाई. कोनी मधात आलं का धावून येते. खाले नाई येत, माराले येते." आणि भावाकडे पाहून, "काय गा भाऊ, तुले तं माहीत आहे."

बाबा विहिरीकडे पाहत होते.  आत्यानं भिवापुरी मिरचीचा, जवस वाटून घातलेला रस्सा केला. मी तो खाल्ला. हे सांगताना मला आजही लाज वाटते, पण तो फार चांगला झाला होता आणि मी दुसऱ्यांदा भात घेतला. बाबांनी एक तुकडा ताटात घेतला आणि तो तसाच राहू दिला. आत्या म्हणाली, "काहून गा, आंबट झाला का?" ते म्हणाले, "नाई वं. पोट भरलं."

विहिरीवर आंघोळ झाली. परतताना स्कूटरवर मी मागे बसून एकच विचार करत होतो. बाबांनी वचन दिलं होतं ते जिवंत काही गळाला न लावण्याचं, आणि ते पाळलं होतं. बेडूक प्लास्टिकचाच होता. मरळ मिळाली होती. आईनं विचारलं तर 'मिळाली' एवढंच सांगायचं, आणि ते खोटंही नव्हतं. काठी राहील. रविवार राहतील. त्या पिल्लांचं काय झालं असेल हा विचार येत होता, पण मी त्याला बाजूला सारत होतो. बाबांनी गप्प राहावं म्हणून मी देवाचं, आईच्याच देवाचं, नाव घेत होतो.

आई दारातच होती. आमचे चेहरे पाहून तिला कळलं नाही की काय समजावं. "मिळाली का?"

"मिळाली," बाबा म्हणाले. "दोन."

"बिनजिवाच्याच बेडकावर?"

"हो."

आई हसली आणि वळून पाण्याचा तांब्या उचलला. तेवढ्यात बाबा चपला काढता काढता म्हणाले, "ते भुकेनं नाई आल्या वं. त्यायचे पिल्लं होते तिथे. बेडूक पिल्लात गेला म्हणून धावून आल्या." मग थोडं थांबून, "मले समजलं होतं. लाल दिसलं तवाच समजलं होतं. मी टाकला तरी."

मी सांगू शकलो असतो की दुसऱ्यांदा टाका असं मी म्हणालो होतो. मी तोंड उघडलंही. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला आत ढकललं.

आई चौकटीला टेकून उभी राहिली. तांब्या हातातच. तिनं विचारलं, "जित्ता बेडूक लावला असता तं?"

"एका जागी ठेवला असता. ज्याले भूक आहे ते आली असती."

"म्हणजे बेडूक वाचला अन् ते पिल्लं गेले."

बाबांनी चपला भिंतीशी सरकवल्या.

"साचा गरम करा, मीच सांगतलं होतं," आई म्हणाली. आवाज चढवून नाही, हिशेब लागल्यासारखा. मग तिनं तांब्या बाबांच्या हातात दिला. "आता तुमीच ठरवा काय कराचं ते. मी एकदा सांगून पायलं. आता मी काई सांगत नाई."

पोळ्याला तिनं पुरणपोळ्या केल्या, बाबांना आग्रह करून वाढल्या. भांडण नव्हतं. पण काठी गॅलरीतून माळ्यावर गेली, साचा फडक्यात बांधून पेटीत गेला, आणि बाबा रविवारी स्कूटर पुसत बसू लागले. मला काही सांगायचं असेल तर आईला सांगत, आणि आई मला. मी अभ्यास करत असे, किंवा पुस्तक उघडून बसत असे. मागे आईला मी हे प्रकरण लिहितोय असं सांगितलं. ती आता माझ्याकडेच असते. म्हणाली, "लिही. पण मी रागावली होती असं लिहू नको. मी भेली होती." कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, "चांगलं कराले जा, तं कोनाच्या तरी अंगावर जाते. कोनाच्या जाईन, ते दिसत नाई, म्हणून."

दिवाळीनंतर, कडक थंडी पडली तेव्हा, एका रविवारी सकाळी बाबा माळ्यावरून काठी काढताना दिसले. मी स्वेटर घालायला धावलो. आई चुलीशी वांगी भाजत होती.

"कुठे?" तिनं विचारलं.

"तलावावर."

"मरळ?"

"थंडीत मरळ गाळात जाऊन बसते. तोंड उघडत नाई."

"मंग कायले जाता?"

बाबांनी जरा विचार केला. "बेडूक पोहवाले," ते म्हणाले.

आईनं वांग्याचं साल काढत त्यांच्याकडे पाहिलं. ते विनोद करत नव्हते. मग तिनं भरीत दोन डब्यांत भरलं, भाकरी फडक्यात बांधल्या, अंगावर शाल घेतली आणि म्हणाली, "मी बी येतो." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिनं तो तलाव पाहिला नव्हता. आम्ही तिघं एका स्कूटरवर गेलो, मी मध्ये, दोघांच्या कोटाशालीत दाबलेला.

पाण्यावरून धूर निघत होता. कमळं सुकून काळी झाली होती. बाबांनी बेडूक लांब फेकला आणि हळू ओढत आणला, थांबत, पाय हालवत, जसं महिनोन्‌महिने शिकले होते तसं. मागे रेघ उठली नाही. त्यांनी पुन्हा टाकला. ते मला सांगू लागले की त्यांच्या लहानपणी हा तलाव उन्हाळ्यात कुठपर्यंत आटायचा. आई काठावर पोतं टाकून बसली होती, पाहत होती. थोड्या वेळानं ती उठली.

"मले द्या एकदा."

बाबांनी बेडूक फेकून काठी तिच्या हातात दिली. आईनं चरखीची मूठ धरली आणि रहाट ओढावा तशी गरगर फिरवायला सुरुवात केली. बेडूक पाणी उडवत, उताणा होत, कमळाच्या देठांवरून आपटत काठाकडे येऊ लागला.

"हळू वं, हळू!" बाबा ओरडले. "असा कोणता बेडूक पळते?"

"ज्याले जीव प्यारा आहे तो पळते," आई म्हणाली आणि आणखी जोरात फिरवू लागली.

बेडूक काठावर येऊन तिच्या पायाशी पडला तेव्हा तिला धाप लागली होती. तिनं वाकून त्याच्या पायात अडकलेलं शेवाळ काढलं. बाबांनी काठी घेतली, बेडूक पुन्हा लांब फेकला आणि काठी पुन्हा तिच्याच हातात दिली.